सगळ्यांसाठी बंद असलेला समुद्र

सुमनमावशींना कुणी ‘नाही’ म्हटलं तर त्या रागवायच्या नाहीत, वाद घालायच्या नाहीत, आणि लगेच ऐकायच्याही नाहीत. मान किंचित तिरकी करून एकच प्रश्न विचारायच्या, “सगळ्यांसाठी का?” समोरचा माणूस अमेरिकन असला तर तोच प्रश्न इंग्रजीत, “इज इट फॉर एव्हरीबडी?” उत्तर ‘हो’ आलं की त्यांचं समाधान व्हायचं. मग तो नियम त्या इतक्या मनापासून पाळायच्या, की जणू त्यांनीच तो केला आहे.

मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तो न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत. बर्फ पडणार म्हणून लायब्ररी लवकर बंद होत होती. काउंटरवरच्या बाईंनी तसं सांगितल्यावर मावशींनी विचारलं, आणि त्या बाई गोंधळून म्हणाल्या, हो, म्हणजे बंद म्हणजे सगळ्यांसाठीच. मावशी “थँक यू” म्हणून निघाल्या. पण दाराबाहेर बुटांची लेस बांधण्याच्या निमित्ताने त्या जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या आणि आतली माणसं बाहेर येतात का ते बघत होत्या. मी गाडीचं दार धरून थंडीत उभी होते. हा नेमका काय प्रकार आहे, ते विचारायचा धीर मला झाला नाही. मला कुणाला काही विचारायचा धीर सहसा होतच नाही.

मी त्यांच्याकडे वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचे. शिक्षण संपवून प्रिन्स्टन जंक्शनजवळ पहिली नोकरी धरली होती. मावशींचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले होते. मुलगी प्रज्ञा शिकागोच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती, आणि घर मोठं झालं होतं. इथलं मराठी माणूस पहिल्या भेटीत नाव विचारतं, मग आडनाव विचारतं, मग गाव, आणि ‘म्हणजे त्यांच्यापैकी का?’ करत हळूहळू तुम्हाला एका खणात नेऊन ठेवतं. मावशींनी मला विचारलं, चहात दूध किती घालू, आणि खोलीत सकाळी डोळ्यांवर ऊन येतं ते चालेल का. आडनाव त्यांना भाडेकराराच्या वेळी कळलं असेल. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यासमोर रोज एक ताजं फूल असायचं, आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमासाठी चाळीसेक माणसांचा मसालेभात त्या आमच्या स्वयंपाकघरात करायच्या. मला जे कळायचं होतं ते कळलं. मीही काही बोलले नाही. आमच्या घरी या विषयावर न बोलणं म्हणजेच चांगलं वागणं समजलं जायचं.

माझ्या न बोलण्याची त्या मात्र भरपूर चेष्टा करायच्या. “तुझ्या तोंडाला पासवर्ड आहे का गं, केतकी?” असं जेवताना विचारायच्या. किंवा मी नुसतं ‘हं’ म्हटलं की, “आज बाईंनी एक पूर्ण अक्षर वापरलं.” त्या मूळच्या वर्ध्याकडच्या. इतकी वर्षं न्यू जर्सीत काढूनही आश्चर्य वाटलं की ‘काहून बाप्पा’ तोंडातून निघायचंच. पुढच्या वाक्यात लगेच ‘रिफंड’, ‘अपॉइंटमेंट’, ‘शेड्यूल केलं’ सुरू.

निवृत्त होईपर्यंत त्या एका औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात होत्या. तिथली एक गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. गोळ्या बनतात त्या खोलीत जायचं तर डोक्याला जाळीची टोपी लागते, आणि दाढी असेल तर दाढीलाही वेगळी जाळी लागते. एकदा कंपनीचे कोणी बडे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या, आणि साहेबांची दाढी मोकळी. मावशी दारात उभ्या. साहेब म्हणाले, दोनच मिनिटं आहेत. मावशी म्हणाल्या, “सर, जंतूंना तुमचं पद वाचता येत नाही.” साहेब दाढीला जाळी लावून आले. “आणि कसा दिसत होता माहिती आहे? शिंक्यात टांगलेल्या दह्याच्या मडक्यासारखा,” असं म्हणून त्या टेबलावर हात आपटून हसायच्या. मी प्रत्येक वेळी हसायचे, पण माझं लक्ष त्या गोष्टीत त्यांना नेमकं काय आवडतं याकडे असायचं. साहेबांची फजिती त्यांना आवडायचीच, पण खरा आनंद त्यापुढच्या वाक्यात असायचा, “त्यानंतर कधी विसरला नाही हो. चांगला माणूस होता.”

निवृत्त झाल्यावर महिनाभरात त्यांनी टाउनशिपच्या पूलमध्ये पोहण्याचा क्लास लावला. वर्गात बाकी सगळे नातवंडं शोभतील अशा वयाचे. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा निळा पोहण्याचा पोशाख, डोक्याला घट्ट टोपी, त्यावर गॉगल. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा पाठीवर तरंगायला सांगितलं. मावशींचं सगळं अंग तरंगायचं, फक्त मान ताठ राहायची आणि मग पाय बुडायचे. डोकं पाण्यावर सोडून द्या, पाणी धरतं तुम्हाला, असं त्या बाई सांगायच्या. मी बाकावर लॅपटॉप उघडून बसायचे आणि वरून बघायचे. पाण्यावर विश्वास ठेवायला त्यांना बरेच आठवडे लागले. एक दिवस मान सैल झाली. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “कानात पाणी गेलं की सगळं जग गप्प होतं गं. तुला आवडेल.”

पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहता यायला लागल्यावर त्यांनी समुद्राचा ध्यास घेतला. “पूलला भिंती आहेत, मेंबरशिप आहे, दारावर कार्ड दाखवावं लागतं. समुद्राला काय आहे?” असं त्यांचं म्हणणं. जर्सीचा समुद्र थंड आणि लाटांचा, त्यामुळे शिकवणाऱ्या बाईंचा सल्ला होता की पहिल्यांदा कोमट, शांत पाण्यात उतरा. प्रज्ञाने हे ऐकलं आणि आईच्या निवृत्तीची भेट म्हणून दोघींसाठी कॅरिबियन क्रूझ बुक केली. जहाज आमच्या न्यू जर्सीच्या बंदरातूनच निघणार होतं. पण निघायच्या आधी तिच्या हॉस्पिटलमधल्या ड्यूट्या बदलल्या, तिला रजा मिळेना, आणि तिकिटावर माझं नाव आलं. प्रज्ञाचा मला फोन आला. ती मराठी समजते पण बोलते इंग्रजीच. म्हणाली, “केतकी, जस्ट मेक शुअर शी गेट्स इन, ओके? शी विल प्रिटेंड इट डझन्ट मॅटर. इट मॅटर्स.”

इतकं का महत्त्वाचं आहे, ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

जहाजावर मावशींनी सगळ्या गोष्टींची चौकशी केली. प्यायचं पाणी कुठून येतं, ते वेटरला विचारलं. समुद्राचंच शुद्ध करतात, असं कळल्यावर ग्लास वर धरून बघितला आणि म्हणाल्या, “म्हणजे आधी पोटात जातोय, मग आपण त्याच्यात जाणार.” जहाजावरच्या पूलमध्ये मात्र त्या उतरल्या नाहीत. पूल घरी आहे, म्हणाल्या.

ज्या बेटावर आमची बीचची सहल होती, तिथे त्या दिवशी सकाळी उठल्यापासूनच त्यांनी तो निळा पोशाख अंगात घातला होता आणि वरून सलवार-कुर्ता. मनगटाला कागदी पट्टा बांधून आम्ही बसमध्ये बसलो. आमच्या गाइडचं नाव डेसमंड. तो तिथलाच, उंच, घसा बसलेला. रस्त्यात त्याने शाळा दाखवली, चर्च दाखवलं, कुणाच्या तरी शेळ्या दाखवल्या. माहितीपत्रकात नितळ हिरवटनिळं पाणी होतं, पांढरी वाळू होती आणि दोन माडांच्या मध्ये बांधलेली झोळी होती. मावशी ते पत्रक गुडघ्यावर ठेवून बसल्या होत्या. वाचत नव्हत्या, नुसतं तळव्याने सपाट करत होत्या.

आधी वास आला. सडक्या अंड्यासारखा. बसमधल्या कुणीतरी मोठ्याने संडासाबद्दल काही म्हटलं आणि लोक हसले. बस वळली आणि किनारा दिसला. वाळू तपकिरी शेवाळाखाली गेली होती. पार गुडघाभर ढीग, ओला, माश्या घोंघावत असलेला. पुढे पाण्यातही तसाच तपकिरी पट्टा, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी पत्रकातला निळा रंग. एक ट्रॅक्टर शेवाळ ढकलत होता, पण मागून समुद्र आणखी आणून टाकत होता. वाळूवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळा दोर बांधला होता आणि त्यापाशी लाल झेंडा. झोळी तेवढी होती, माडांच्या मध्ये, रिकामी.

“सॉरी फोक्स,” डेसमंड म्हणाला. “बीच इज क्लोज्ड टुडे.”

शेवाळाखाली डंखणारे जीव असतात, आणि पायाखालचं दिसत नाही, म्हणून कुणालाही पाण्यात सोडत नाहीत. मागे छोटा पूल आहे, प्रत्येकाला एक सरबत फुकट आहे, बस दुपारी परत जाईल, असं त्याने सांगितलं. गलका झाला. कुणी पैसे परत मागितले, कुणी फोटो काढून लगेच कुठेतरी पाठवले. मी मावशींकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी लहान झाला होता. गर्दी पांगेपर्यंत त्या थांबल्या आणि मग डेसमंडजवळ गेल्या.

“इज इट फॉर एव्हरीबडी?”

“एव्हरीबडी, मॅम.” तो हसला. “इव्हन मी. अँड आय वॉज बॉर्न हिअर.”

मावशींनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, मान हलवली, आणि एक प्लास्टिकची खुर्ची ओढत दोरापाशी नेऊन, समुद्राकडे तोंड करून बसल्या.

बाकी सगळे पूलकडे गेले. मी दोन सरबतं घेऊन आले तेव्हाही त्या तिथेच. वासाने माझं डोकं दुखायला लागलं होतं. सावलीत चला, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तू जा, मी बघते.

“काय बघताय?”

“कोणी जातं का ते.”

मला एकदम लायब्ररीचं दार आठवलं, ती न सुटलेली लेस. मी दुसरी खुर्ची ओढून आणली आणि आयुष्यात फार कमी वेळा करते ते केलं. सरळ विचारलं. मावशी, तुम्ही नेहमी असं का बघता?

त्यांनी सरबतातली नळी बाजूला केली आणि ग्लासातूनच एक घोट घेतला. मग सांगायला लागल्या, समुद्राकडेच बघत. त्यांच्या गावात मोठी पायऱ्यांची विहीर होती. उन्हाळ्यात गावातली पोरं तिथे पोहायला शिकायची, पाठीला वाळका भोपळा बांधून. लहानग्या सुमनलाही पोहायचं होतं. आईकडे हट्ट केला की आई म्हणायची, आज विहीर बंद आहे.

“मी म्हणायचे, काहून? तर गाळ काढून राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणायची, मोट तुटली. तिसऱ्या दिवशी साप निघाला. एका उन्हाळ्यात त्या विहिरीतून किती साप निघाले बाप्पा!” त्या हसल्या. “मला सगळं खरं वाटायचं. मग एक दिवस मी गेले आणि कडुनिंबाच्या आड बसले. मला बंद विहीर कशी असते ते बघायचं होतं.”

ट्रॅक्टर थांबला होता. माश्यांचा आवाज तेवढा येत होता.

“पोरं धपाधप उड्या मारत होती. भोपळे पाण्यावर असे पिवळे पिवळे. घरी आले, पण आईला काही बोलले नाही. तिला कळलं असतं ना, की मला कळलं.”

 मला एकच गोष्ट सुचत होती आणि ती सांगावी की नाही हे कळत नव्हतं. माझे बाबा असेच पोहायला शिकले होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावी, आमच्याच मळ्यातल्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. आमच्या घरातली ती सगळ्यांची आवडती गोष्ट. पाहुणे आले की बाबा ती सांगतात आणि काकांनी कसं ढकललं त्याची नक्कल करतात. मी गप्प बसले असते तर मावशींना काही कळलं नसतं. पण त्या ज्या तऱ्हेने दोराकडे बघत होत्या, त्यामुळे गप्प बसणं मला त्या आईच्या सापांसारखं वाटायला लागलं.

“माझे बाबा तसेच शिकले,” मी म्हटलं. “भोपळा बांधून. आमच्या विहिरीत.”

मावशींनी मान वळवली. त्या चिडतील, किंवा उठून जातील, किंवा ‘असू दे गं’ म्हणतील असं वाटलं. ते तिसरं मला सगळ्यात नको होतं. त्यांच्या डोळ्यांत मात्र खरीखुरी चौकशी होती.

“तो भोपळा पाठीला टोचत नाही का गं? ते मला तेव्हापासून विचारायचं आहे कोणाला तरी.”

मला माहीत नव्हतं. बाबांना विचारून सांगते, म्हटलं.

तेवढ्यात मागून एक गृहस्थ आला. जहाजावर सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांपैकी. जेवणघरात त्याचा आवाज सगळीकडे ऐकू यायचा. पैसे मोजलेत, पोहूनच जाणार, असं काहीतरी बायकोला सांगत त्याने पिवळा दोर एका हाताने उचलला, खालून गेला आणि शेवाळ तुडवत पाण्याकडे चालायला लागला. मावशी ताठ झाल्या. मान पहिल्या दिवशीच्या पूलमधल्यासारखी. खुर्चीचे हात त्यांनी इतके घट्ट धरले होते की मला प्रज्ञाचं वाक्य आठवलं. इट मॅटर्स. त्यांना आता समुद्रात जायचं नव्हतं. त्यांना फक्त हे बघायचं होतं.

तो घोट्याभर पाण्यात गेला आणि शिट्टी वाजली. मनोऱ्यावरची रक्षक मुलगी खाली उतरली, तिथलीच, काळीसावळी, बारीकशी. ओरडली नाही. त्याच्याजवळ जाऊन हाताने किनारा दाखवला. त्याने हातवारे केले, मनगटाचा पट्टा दाखवला. ती तशीच उभी, हात तसाच. शेवटी तो वळला, परत शेवाळ तुडवत आला, आणि दोराखालून वाकून बाहेर पडला.

मावशींनी टाळ्या वाजवल्या. एकट्याच. त्या रिकाम्या किनाऱ्यावर तो आवाज फार मोठा वाटला. गृहस्थाने रागाने बघितलं, पण मावशी त्याला चिडवत नव्हत्या, हे त्यालाही दिसलं असावं, कारण तो सरळ पूलकडे निघून गेला. मावशींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

“आला बाहेर,” त्या म्हणाल्या. “केतकी, खरंच बंद आहे गं.”

मग त्यांना सपाटून भूक लागली. जहाजावरच्या नाश्त्यातली केळी पर्समधून काढून आम्ही तिथेच, त्या वासात, खाल्ली. परतीच्या बसमध्ये सगळे सहलीला नावं ठेवत होते आणि जहाजावर तक्रारीच्या काउंटरसमोर रांग लागली. मावशी रांगेकडे कुतूहलाने बघत पुढे गेल्या. प्रज्ञाचा मेसेज आला होता, आई पाण्यात गेली का? मी लिहिलं, नाही, पण त्यांचा दिवस फार छान गेला. तिने तीन प्रश्नचिन्हं पाठवली. फोनवर हे कसं लिहायचं ते मला कळेना.

घरी परतल्यावर मी बाबांना फोन केला. भोपळा टोचतो का? बाबा खुशीत आले. भोपळा नाही टोचत, म्हणाले, दोरी काचते. ओली झाली की पोटावर वळ उठतात. आणि मग काकांनी ढकलल्याची गोष्ट सुरू झाली. मी मध्येच थांबवलं. बाबांना मी कधी मध्ये थांबवत नाही.

“बाबा, आपली विहीर सगळ्यांसाठी होती का?”

  “आम्ही कधी विचारलं नाही गं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “विचारायला हवं होतं,” असंही म्हणाले. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी पाहुण्यांना सांगितलेली मी ऐकलेली नाही.

मावशींना मी फक्त दोरीबद्दल सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि पोटावरून हात फिरवत म्हणाल्या, “म्हणजे वळ पोटावर. आणि मी इतकी वर्षं पाठीचा विचार करत होते.”

त्याच वर्षी त्यांनी वेस्ट विंडसरचं घर विकलं आणि प्रज्ञाजवळ शिकागोला गेल्या. मला दूर पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला नोकरी मिळाली. निघताना त्यांनी बुद्धासमोरचं फूल माझ्या हातात ठेवलं आणि बजावलं, तिकडे कुणाशी तरी बोल, नुसतं टाइप करू नकोस. शिकागोहून त्यांचा दर रविवारी फोन येतो. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा कशी मिळत नाही, हे त्या मला सविस्तर सांगतात.

ऑगस्टमधल्या एका रविवारी फोन उशिरा आला. मागे मुलांचा गोंगाट होता, वारा होता. त्या धापा टाकत होत्या. प्रज्ञाने त्यांना सरोवरावर नेलं होतं. समुद्र नव्हे, पण पलीकडचा काठ दिसत नाही इतकं पाणी. झेंडा हिरवा होता. तरी त्यांनी रक्षकाला विचारलंच, आणि मग चालत चालत आत गेल्या, गळ्यापर्यंत, पाठीवर झाल्या आणि डोकं सोडून दिलं.

पाणी कसं होतं, मी विचारलं.

“बर्फासारखं,” मावशी म्हणाल्या. दात वाजत होते. “सगळ्यांसाठीच.”